अपकृत्य कायदा आणि स्त्रीवादी विधिशास्त्राचे प्राध्यापक व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे दोन विषय एकाच प्राध्यापकाकडे कसे येतात?

वेळापत्रकात ते दोन दिसतात. अपकृत्य कायदा (एकाने दुसऱ्याला केलेल्या इजेची भरपाई दिवाणी दाव्यात मागण्याचा कायदा), म्हणजे विद्यार्थी ज्याला नुसतं ‘टॉर्ट्स’ म्हणतात तो, सुरुवातीच्या वर्षातला सक्तीचा पेपर. स्त्रीवादी विधिशास्त्र, म्हणजे कायद्याचा स्त्रियांवर काय परिणाम होतो याचा अभ्यास, पुढच्या वर्षांतला ऐच्छिक, थोड्या विद्यार्थ्यांचा. पण टॉर्ट्सचे रोजचे प्रश्न बघा. कोणती इजा ‘इजा’ म्हणून धरायची? कोण कोणाची काळजी घ्यायला बांधील? आणि त्या इजेची किंमत किती? स्त्रीवादी अभ्यासकांनी नेमके हेच प्रश्न उकरून काढले. त्यामुळे हा जोड ओढूनताणून आणलेला नाही. ओढाताण होते ती स्त्रीवादी भाग सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात ‘इतर दृष्टिकोन’ म्हणून उरकला जातो तेव्हा. त्या तासाला निम्मा वर्ग परीक्षेच्या तयारीला गेलेला असतो आणि उरलेले वही मिटून बसतात.

वाचन कुठून सुरू करावं?

आधी टॉर्ट्स पक्कं करा. हयगयीच्या दाव्याचे चार टप्पे (कर्तव्य, कर्तव्यभंग, कार्यकारणसंबंध, नुकसान) झोपेतून उठवलं तरी सांगता आले पाहिजेत. त्यानंतर लेस्ली बेंडर यांचा 1988 चा लेख घ्या. स्त्रीवादी सिद्धान्त आणि टॉर्ट्स यांची सांगड घालणारा तो सुरुवातीच्या लेखांपैकी एक, आणि आजही नवख्याला समजेल असा आहे. मग मार्था शामालास आणि लिंडा कर्बर यांचा 1990 चा मानसिक धक्क्याच्या खटल्यांवरचा लेख. पद्धतीसाठी कॅथरीन बार्टलेट, 1990. नियम वरकरणी सर्वांना सारखा असला तरी बायकांवर त्याचा परिणाम काय होतो, हा प्रश्न निकालपत्राला कसा विचारायचा, ते तिथे नीट मांडलेलं आहे. किंबर्ले क्रेनशॉ यांचा वंश आणि लिंग एकत्र पाहणारा 1989 चा लेख सोडू नका. ‘बाई’ म्हणताना आपण मनातल्या मनात कोणती बाई धरतो, हे त्यानंतर विसरता येत नाही.

उदारमतवादी, सांस्कृतिक, वर्चस्ववादी अशा शाखांची यादी पाठ करण्यात फार वेळ घालवू नका. मुलाखतीत ती कधीतरी विचारतात. कामाला खटलेच येतात.

‘वाजवी माणसा’ऐवजी ‘वाजवी स्त्री’ आणा, एवढंच म्हणणं आहे ना?

नाही. सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा आणि सगळ्यांत कमी फळ देणारा प्रश्न हाच.

1837 च्या व्हॉन विरुद्ध मेनलव्ह खटल्यात शेजाऱ्याच्या हद्दीलगत रचलेली गवताची गंजी पेटली. ‘मी माझ्या अकलेप्रमाणे वागलो’ हा बचाव न्यायालयाने मानला नाही आणि हयगय ठरवायला सामान्य शहाणपणाच्या माणसाचं माप ठरलं. तोच हा ‘वाजवी माणूस’. 1933 च्या एका इंग्रजी निकालात हाच माणूस संध्याकाळी बाह्या सरसावून हिरवळ कापताना दिसतो. म्हणजे हा माणूस कोण, हे न्यायाधीशांच्या डोळ्यांसमोर अगदी स्पष्ट होतं. पुढे ‘माणूस’ खोडून ‘व्यक्ती’ असं लिहिलं गेलं. हिरवळ तशीच राहिली.

बेंडर यांचं म्हणणं शब्द बदलण्यापलीकडचं होतं. धोक्याची शक्यता आणि खर्च यांचा हिशेब मांडणाऱ्या अलिप्त माणसाऐवजी दुसऱ्याची काळजी वाहणारा जबाबदार शेजारी हेच माप का असू नये, असा त्यांचा प्रश्न. तो सर्वांत टोकदार होतो तो ‘बुडणाऱ्या परक्याला वाचवणं हे कायदेशीर कर्तव्य नाही’ या जुन्या नियमापाशी. ‘वाजवी स्त्री’ हा शब्दप्रयोग गाजला तो 1991 च्या एलिसन विरुद्ध ब्रेडी या अमेरिकी खटल्यात, आणि तो कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाचा खटला होता, हयगयीचा नव्हे. दोन्हींची सरमिसळ उत्तरपत्रिकांत हमखास सापडते.

मानसिक धक्क्याच्या खटल्यांना एवढं महत्त्व का?

कारण तिथे कायद्याने कोणत्या इजेला खरी मानलं आणि कोणत्या इजेला नाटक, हे उघड दिसतं. 1896 चा मिचेल विरुद्ध रॉचेस्टर रेल्वे घ्या. रस्त्यावर घोड्यांच्या गाडीची वाट पाहत बाई उभी. घोडे उधळले आणि थांबले तेव्हा ती दोन घोड्यांच्या डोक्यांच्या मधोमध. धक्का लागला नाही, पण भीतीने गर्भपात झाला. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने दावा फेटाळला. स्पर्श नाही तर भरपाई नाही. शिवाय असे दावे खोटे रचणं सोपं, त्यांचा पूर येईल. हा नियम 1961 मध्ये बटाला खटल्यात रद्द झाला, पासष्ट वर्षांनी.

इंग्लंडमध्ये 1901 च्या डुलियू खटल्यात मद्यगृहात काउंटरमागे उभ्या असलेल्या गरोदर बाईला दाद मिळाली, कारण घोडागाडी थेट आत घुसली होती आणि भीती तिच्या स्वतःच्या जिवाची होती. मुलांच्या जिवाच्या भीतीला मान्यता 1925 च्या हॅम्ब्रुक खटल्यात आली. ऑस्ट्रेलियात 1939 च्या चेस्टर खटल्यात पाण्याने भरलेल्या चरातून मुलाचं प्रेत बाहेर निघताना पाहणाऱ्या आईला बहुमताने नकार दिला. न्यायमूर्ती एव्हट यांचं विरोधी मत मात्र आजही वर्गात मोठ्याने वाचून दाखवावं असं आहे.

शामालास आणि कर्बर यांनी दाखवलं ते इतकंच: या क्षेत्रातल्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या दाव्यांत वादी बहुतेकदा गरोदर स्त्रिया आणि आया होत्या, आणि न्यायालयांनी त्या इजेला ‘भावनिक’ अशा दुय्यम कप्प्यात टाकलं. गर्भपात ही शारीरिक घटना आहे. तरी ती ‘मानसिक’ ठरली. हा एक मुद्दा विद्यार्थ्यांच्या लक्षात आला की पुढचं सेमिस्टर सोपं जातं.

नुकसानभरपाईच्या हिशेबात भेद शिरतो तो नेमका कुठे?

या प्रकरणाला बहुतेक शिक्षक दोन तास देतात. आमच्या मते सहा द्यावेत, कारण पक्षकाराच्या हातात शेवटी पडतो तो आकडाच.

फळ्यावर हे गणित मांडा. आकडे वर्गापुरते गृहीत धरलेले आहेत. सहा वर्षांची दोन मुलं, एक मुलगा, एक मुलगी. एकाच इमारतीतल्या रंगातल्या शिशाने दोघांच्या मेंदूला सारखीच इजा. भविष्यातली कमाई काढायची आहे. तज्ज्ञ साक्षीदार सरासरीचे तक्ते उघडतो: पुरुषांची वार्षिक सरासरी कमाई 100 एकक, नोकरीची वर्षं 40. स्त्रियांची 78 एकक आणि वर्षं 28, कारण मुलं-घर यांत गेलेली वर्षं तक्त्याने आधीच वजा केलेली असतात.

मुलगा: 100 × 40 = 4000.
मुलगी: 78 × 28 = 2184.

एकाच इजेसाठी मुलीला जवळपास 55 टक्के. कोणी वाईट हेतूने वागलं नाही, तज्ज्ञ खोटं बोलला नाही. बाजारातला जुना भेदभाव सरासरीत मुरला आणि सरासरी न्यायालयात ‘तटस्थ पुरावा’ म्हणून हजर झाली. गंमत म्हणजे सहा वर्षांच्या मुलीची स्वतःची कमाईची नोंद शून्य. तिच्याबद्दल तक्त्याला काहीच माहीत नाही. आता वर्गाला पुढचा प्रश्न विचारा: घरमालक हिशेबी असेल तर शिसं आधी कोणाच्या खोल्यांतून काढेल? इथे शांतता पसरते. थांबा, लगेच उत्तर देऊ नका.

वंशाचे तक्तेही याच पद्धतीने चालतात. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश वाइनस्टीन यांनी 2015 मध्ये शिशाच्याच एका खटल्यात मुलाच्या वांशिक गटाची आकडेवारी वापरायला मनाई केली. कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये कायदा करून वंश, वांशिक गट किंवा लिंग यांच्या आधारावर गमावलेल्या कमाईची भरपाई कमी करायला बंदी घातली. तो 2020 पासून लागू आहे.

भेद शिरण्याची दुसरी वाट भरपाईवरच्या कमाल मर्यादेची. वेदना, प्रजननक्षमता गमावणं, विद्रूपता यांची भरपाई ‘बिगर-आर्थिक’ सदरात जाते. कॅलिफोर्नियाने 1975 मध्ये वैद्यकीय हयगयीच्या दाव्यांत या सदराला 2,50,000 डॉलरची मर्यादा घातली आणि ती महागाईशी न जोडता तशीच ठेवली. 2022 च्या दुरुस्तीनंतर, 2023 पासून, ती टप्प्याटप्प्याने वाढू लागली. लुसिंडा फिन्ली यांनी 2004 च्या लेखात दाखवलं की अशा मर्यादांचा मोठा फटका स्त्रिया, मुलं आणि वृद्धांना बसतो: पगाराचं नुकसान कमी, म्हणून त्यांच्या भरपाईचा मोठा वाटा याच सदरात असतो. नियमात ‘स्त्री’ हा शब्द कुठेच नाही, तरी नियम पडतो तिच्याच अंगावर.

घरकामाची किंमत कशी लावतात?

तीन रीती आहेत, आणि प्रत्येकीत खोट आहे. एक, त्या तासांत तिने बाहेर काय कमावलं असतं ते धरायचं. मग डॉक्टर असलेल्या बाईचा स्वयंपाक महाग आणि न शिकलेल्या बाईचा स्वस्त. दोन, सगळी कामं करणारी एक कामवाली ठेवली तर किती. इथे देखरेख आणि चोवीस तासांची हजेरी गळते. तीन, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आजाऱ्याची शुश्रूषा असं काम तोडून प्रत्येकाचा वेगळा दर लावायचा. आकडा फुगतो आणि उलटतपासणीत साक्षीदार अडखळतो. दाव्यात तिसरी रीत वापरायची असेल तर कामं आणि तास यांची दिवसवार नोंद हवीच.

या मुद्द्यावर भारतीय निकाल जगातल्या कुठल्याही वर्गात वापरावेत इतके उपयोगी आहेत. 2001 च्या लता वाधवा खटल्यात (जमशेदपूरची 1989 ची आग) सर्वोच्च न्यायालयाने 34 ते 59 वयाच्या गृहिणींच्या सेवेचं मोल दरमहा 3,000 रुपये धरलं. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या दुसऱ्या अनुसूचीत न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न कमावत्याच्या एक तृतीयांश धरलेलं होतं. 2010 च्या अरुणकुमार अगरवाल खटल्यात त्या मोजणीवर सडकून टीका झाली. 2021 च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्समध्ये न्यायमूर्ती रमणा यांनी गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरण्यामागची कारणं सविस्तर दिली आहेत. तीन निकाल, वीस वर्षं. ओळीने वाचायला द्या.

नसबंदीची शस्त्रक्रिया फसून जन्मलेल्या मुलाच्या खर्चाचे दावे कसे शिकवावेत?

तीन देश शेजारी ठेवून. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने मॅकफार्लेन खटल्यात (2000) निरोगी मुलाच्या संगोपनाचा खर्च नाकारला. 2003 च्या रीस खटल्यात स्वायत्तता हिरावल्याबद्दल 15,000 पौंडांची ठरावीक रक्कम दिली. त्याच 2003 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने कॅटानॅक खटल्यात संगोपनखर्च मान्य केला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने संत्रा खटल्यात (2000) गरीब मजूर बाईला तो दिला. मात्र 2005 च्या शिवराम खटल्यात स्पष्ट केलं की शस्त्रक्रिया फसली एवढ्यावरून हयगय सिद्ध होत नाही. ‘मूल म्हणजे आशीर्वाद’ हे वाक्य कोणत्या निकालात कोणाचा खर्च वाचवायला वापरलंय, एवढंच शोधायला सांगा.

याच तासाला 2015 चा माँटगोमरी खटला जोडता येतो. मधुमेही, ठेंगण्या बाईला बाळाचे खांदे अडकण्याचा 9 ते 10 टक्के धोका सांगितला गेला नाही, कारण ‘सांगितलं तर त्या सिझेरियन मागतील’. डॉक्टर काय सांगणं योग्य समजतात यापेक्षा रुग्णाला काय महत्त्वाचं वाटेल, हे तिथे माप झालं.

घरातल्या मारहाणीबद्दल अपकृत्याचे दावे एवढे कमी का? कायदा तर आहे.

कायदा आहे, पैसा नाही. पूर्वी दारच बंद होतं: 1910 च्या थॉम्पसन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पत्नीला पतीवर मारहाणीचा दावा नाकारला, आणि इंग्लंडमध्ये अशी मुभा 1962 च्या कायद्याने आली. आज अडचणी तीन. विम्याच्या पॉलिसीत जाणूनबुजून केलेलं कृत्य वगळलेलं असतं, म्हणून पैसे देणारी कंपनी नाही. प्रतिवादीकडे स्वतःचं फारसं नसतं, किंवा जे असतं ते दोघांचं. आणि अनेक ठिकाणी मारहाणीच्या दाव्याची मुदत हयगयीच्या मुदतीपेक्षा कमी. घरातून बाहेर पडेपर्यंत ती संपते. यशावर फी घेणारा वकील असं प्रकरण हातात घेत नाही.

म्हणून दावे तिसऱ्याकडे वळतात: घरमालक, संस्था, पोलीस. टोरोंटोच्या ‘जेन डो’ खटल्यात (1998) एकाच भागात बाल्कनीतून शिरून बलात्कार करणारा माणूस फिरतोय हे पोलिसांना ठाऊक होतं. बायका घाबरून जातील आणि तपास बिघडेल म्हणून त्यांनी सावध केलं नाही. पोलीस जबाबदार ठरले, भरपाई सुमारे 2,20,000 डॉलर. कर्तव्य आणि कार्यकारणसंबंध शिकवायला याहून चांगला खटला सापडणं कठीण.

लैंगिक छळ हे अपकृत्य की भेदभाव?

स्त्रीवादी कायदेपंडित कॅथरीन मॅकिनन यांनी 1979 मध्ये भेदभावाची बाजू लावून धरली: अपकृत्य कायदा तो एका माणसाने एकीशी केलेला गैरप्रकार म्हणून पाहतो, त्यातली सत्तेची रचना सुटते. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये ही दिशा स्वीकारली. व्यवहारात वकील दोन्ही मुद्दे मांडतात. परीक्षेतही तसंच लिहावं.

नोकरीसाठी पात्रता काय लागते?

देशागणिक फरक आहे. अमेरिकेत कायद्याची पदवी, न्यायाधीशाचा कायदा-सहायक (लॉ क्लर्क) म्हणून काम किंवा थोडी वकिली, मग एखादी फेलोशिप. अलीकडे पीएचडीही बऱ्याच जणांकडे असते. ब्रिटनमध्ये पीएचडी जवळपास गृहीत धरतात. भारतात एलएलएमला किमान 55 टक्के (आरक्षित गटांना सवलत) आणि नेट, सेट किंवा नियमानुसार पीएचडी. सगळीकडे समान गोष्ट एक: टॉर्ट्स शिकवण्याची तयारी. नुसतं ‘स्त्रीवादी विधिशास्त्र’ लिहिलेल्या अर्जाला जागा फार थोड्या असतात. सक्तीचा पेपर शिकवणारा माणूस विभागाला हवाच असतो. अर्जात टॉर्ट्स आधी लिहा.

निवड समितीसमोरच्या व्याख्यानात काय चुकतं?

‘पितृसत्ता आणि अपकृत्य कायदा’ असा ऐसपैस विषय घेतला की दहाव्या मिनिटाला ‘हा कायदा आहे की राजकारण?’ असा प्रश्न येतो आणि उमेदवार बचावात जातो. त्यापेक्षा एक नियम, त्याचे दोन-तीन निकाल, एक बदल. उदाहरणार्थ: ‘अल्पवयीन वादीच्या भविष्यातल्या कमाईसाठी लिंगनिहाय तक्ते पुराव्यात का घेऊ नयेत’. बोलणं वीस-पंचवीस मिनिटांत संपवा, बाकी वेळ प्रश्नांना ठेवा. विमा कंपनीच्या वकिलाचा सर्वांत जोरदार युक्तिवाद (‘सरासरी सोडली तर दुसरं माप कुठलं?’) तुम्हीच आधी मांडा आणि उत्तर द्या. स्त्री-पुरुषांचे मिश्र तक्ते, किंवा दोघांनाही पुरुषांचा तक्ता, यांतलं तुम्ही काय निवडता ते ठरवून जा. गुळमुळीत उत्तर तिथे लगेच उघडं पडतं.

लेख कुठे पाठवावेत?

अमेरिकी लॉ रिव्ह्यू (कायदा महाविद्यालयांची नियतकालिकं) बहुतेक विद्यार्थी चालवतात. एकाच वेळी अनेकांना पाठवता येतं, मुख्य हंगाम फेब्रुवारी-मार्च आणि ऑगस्ट, लांबी साधारण 20 ते 25 हजार शब्द. तज्ज्ञ-परीक्षित नियतकालिकांत एका वेळी एकच, आणि लांबी निम्म्याच्या आसपास. एकाच वेळी दोन परीक्षित नियतकालिकांकडे पाठवणं हा नियमभंग धरतात. नवखे इथे फसतात. स्त्रीवादी नियतकालिकात छापून आलेलं काम टॉर्ट्सवाले वाचतीलच असं नाही, म्हणून एक लेख इकडे, एक तिकडे.

‘स्त्रीवादी निवाडे’ लिहिणं म्हणजे काय?

जुना निकाल त्या काळचेच पुरावे आणि कायदा वापरून पुन्हा लिहायचा. कॅनडात याची सुरुवात झाली, ब्रिटनचा संग्रह 2010 मध्ये आला, पुढे अमेरिकेत फक्त अपकृत्य निकालांचाही निघाला. भारतातही असा प्रकल्प झाला. वर्गात हे करायचं तर नियम कडक ठेवा: 1,500 शब्द, निकालाच्या तारखेनंतरचं एकही उद्धरण नाही. नाहीतर विद्यार्थी 1928 च्या न्यायाधीशाच्या तोंडी आजची भाषा घालतात.

1928 चा पाल्सग्राफ खटला (रेल्वेच्या फलाटावरच्या स्फोटात जखमी झालेल्या बाईचा रेल्वेविरुद्धचा दावा) यासाठी उत्तम. न्यायाधीश कारडोझो यांच्या निकालपत्रात तिकीट काढून फलाटावर उभी असलेली ‘वादी’ दिसते. तिच्यासोबत दोन मुली होत्या हे तिथे येत नाही. ज्यूरीने दिलेले 6,000 डॉलर चार विरुद्ध तीन मतांनी गेले. नोंदीतल्या कोणत्या गोष्टी निकालपत्रात आल्या नाहीत, याची यादी करण्यातच विद्यार्थ्यांचा पहिला तास जातो.

अत्याचाराचे खटले शिकवताना काय काळजी घ्यावी?

त्या दिवशी अचानक नाव घेऊन कोणाला उभं करू नका. कोणता खटला कधी आहे ते आठवडाभर आधी सांगा. ‘तिच्या जागी तुम्ही असता तर?’ हा प्रश्न विचारूच नका. वर्गात ती कोणीतरी असू शकते. मात्र खटला गाळू नका. 1992 चा नॉरबर्ग खटला (औषधाच्या व्यसनाचा फायदा घेऊन डॉक्टरने केलेलं शोषण) संमती शिकवताना गाळला, तर संमती म्हणजे फक्त शस्त्रक्रियेच्या फॉर्मवरची सही असं विद्यार्थ्यांना वाटतं. त्या निकालात न्यायाधीशांनी खऱ्या संमतीविना केलेला स्पर्श (बॅटरी), विश्वासाचं नातं आणि व्यावसायिक हयगय अशा तीन निरनिराळ्या वाटांनी जबाबदारी ठरवली. चर्चा त्या वाटांवर ठेवा, रुग्णाच्या वागण्यावर नाही.

परीक्षेत या भागावर प्रश्न कसा काढावा?

‘स्त्रीवादी दृष्टिकोनातून चर्चा करा’ असा कधीच नको. त्याला घोषणा मिळतात. नेहमीसारखी हकीगत द्या: बसचा अपघात, दोन जखमी, एक पगारदार, एक घर सांभाळणारी, दोघींना सारखंच अपंगत्व. भरपाई काढा, कोणतं माप वापरलं आणि का ते लिहा. तीस गुणांपैकी दहा आकड्यांच्या मांडणीला, वीस कारणांना. गुणांची ही वाटणी प्रश्नपत्रिकेवरच छापा, म्हणजे गणित टाळून निबंध लिहिणाऱ्याला निकालानंतर तक्रार करायला जागा राहत नाही.